एक नाला, एक फाईल : नाशिकमध्ये पर्यावरण कायद्याचे वकील कसे घडवावेत

पर्यावरण कायदा हा लॉ कॉलेजात सक्तीचा पेपर आहे. त्यामुळे राज्यघटनेचं कलम ४८-अ, ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व, गंगेच्या आणि ताजमहालाच्या खटल्यांची नावं, असं सगळं परीक्षेपुरतं प्रत्येकाच्या तोंडी असतं. त्याच विद्यार्थ्याला सातपूर औद्योगिक वसाहतीकडच्या एखाद्या नाल्यात रंगीत पाणी दाखवा आणि विचारा, आता पहिला कागद कोणाला लिहिशील? बहुतेक जण ‘जनहित याचिका’ म्हणतात आणि थांबतात. सनद मिळून दोन-तीन वर्षं झालेल्या ज्युनिअरची गतही फार वेगळी नसते. सिनियरच्या ऑफिसात त्याच्या हाताला लागतात वाटपाचे दावे, चेक बाउन्स आणि मोटार अपघात.

लॉ कॉलेजातले प्राध्यापक, थोडा वेळ काढू शकणारे वकील किंवा एखादी स्थानिक संस्था, यांना असं प्रशिक्षण सुरू करायचं असेल तर ते कसं उभं करावं, ते इथे क्रमाने लिहितो. माझा आग्रह एकच आहे. व्याख्यानमाला नको. एक जागा घ्या, तिची एक फाईल उघडा आणि त्या फाईलवर मुदत, मंच (म्हणजे प्रकरण कोणापुढे न्यायचं) आणि पुरावा या तीन गोष्टी शिकवा. पर्यावरणाची प्रकरणं तत्त्वावर क्वचितच हरतात. बहुतेकदा या तिघांपैकी एकावर हरतात.

गट आणि वेळ

बारा ते पंधरा जण पुरेत. त्याहून जास्त घेतले की निम्मे नुसते बघे होतात. शेवटच्या दोन वर्षांतले विद्यार्थी आणि पाच वर्षांच्या आतले ज्युनिअर निम्मे-निम्मे ठेवा. ज्युनिअरला कोर्टाची सवय असते आणि विद्यार्थ्याला वाचायला वेळ असतो. शिवाय एक-दोन जण रसायनशास्त्राचे किंवा पर्यावरणशास्त्राचे हवेतच. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं एक माप) म्हणजे काय, हे वकिलाने वकिलाला समजावलं की दोघांचाही गोंधळ होतो. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातला एखादा विद्यार्थी मिळाला तर त्याला आधी घ्या. वनहक्काबद्दल तो तुम्हालाच शिकवेल.

सुरुवात जूनअखेरीस आणि शेवट फेब्रुवारीत करावा, असं माझं मत. पावसाळ्यात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढतं तेव्हा सगळं प्रदूषण वाहून आणि पातळ होऊन जातं. खरं चित्र दिवाळीनंतर, प्रवाह आटल्यावर आणि पाणवेली पसरल्यावर दिसतं. दोन्ही ऋतूंतल्या नोंदी शेजारी-शेजारी असल्या की फाईलला वजन येतं. सत्र परीक्षांचे आठवडे सोडून शनिवार दुपार हा वेळ सगळ्यांना जमतो.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि एका शैक्षणिक वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. कॉलेजशी आधीच बोलून यातला एक तुकडा या कामात मोजून घ्या. प्रमाणपत्राचा प्रश्न मिटला की हजेरी टिकते, हे कटू पण खरं आहे.

जागा एकच निवडा

नाशिकमध्ये जागांची चणचण नाही. नासर्डी औद्योगिक वसाहतीच्या बाजूने निघून शहर ओलांडत टाकळीकडे गोदावरीला मिळते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अंजनेरीवर गिधाडं आहेत आणि जगात दुसरीकडे फारशा न आढळणाऱ्या वनस्पती आहेत. पेठ-सुरगाण्यात वनहक्काचे दावे आहेत. २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चची एक मुख्य मागणी हीच होती. आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं तर सगळ्या शहरभर चालू आहेत.

पहिल्या तुकडीने नासर्डीच घ्यावी. सिटी बसने जाता येतं, दर आठवड्याला जाता येतं, आणि घरगुती सांडपाणी, कारखान्याचं पाणी, काठावरचा राडारोडा, पूररेषेतलं बांधकाम असे चार प्रश्न एकाच काठावर भेटतात. नांदूर मध्यमेश्वरचा मोह होतो, पक्षी पाहायला सगळ्यांनाच आवडतं. पण तिथे वन्यजीव कायदा, पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आणि पाटबंधारे खातं असा तिहेरी गुंता आहे. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पहिल्या वर्षी तिथे हिवाळ्यात एक सहल न्या, तेवढं पुरे.

पहिला महिना : हे कोणापुढे जातं?

बाहेर पडण्याआधी चार शनिवार फक्त एका प्रश्नावर घालवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्याकडे ज्याला हरित लवाद म्हणतात, ते पर्यावरणाचं ‘सगळं’ ऐकत नाही. २०१० च्या कायद्याची पहिली अनुसूची प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून काढावी. तिच्यात सात कायदे आहेत : जल कायदा १९७४, जल उपकर कायदा १९७७, वन संवर्धन कायदा १९८०, वायू कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आणि जैवविविधता कायदा २००२. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्यात नाही. भारतीय वन कायदा १९२७ नाही. वनहक्क कायदा २००६ नाही, आणि महाराष्ट्राचा शहरी झाडांचा १९७५ चा कायदाही नाही. ही यादी एकदा नीट पाहिली की अर्ध्या चुका तिथेच टळतात.

मग प्रसंग द्या आणि प्रत्येकाला कागदावर उत्तर लिहायला लावा. चर्चा नंतर.

तपोवनातली झाडं तोडायची नोटीस लागली. (२०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीच्या वृक्षतोडीवरून शहरात जो वाद पेटला, तो सगळ्यांच्या लक्षात आहेच.) इथे पहिली हरकत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे, १९७५ च्या कायद्याखाली, आणि त्याच कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास किंवा जास्त वर्षांची झाडं हेरिटेज ठरतात, हे विसरायचं नाही. लवादापुढे जायचं तर वाद अनुसूचीतल्या एखाद्या कायद्याशी जोडून दाखवावा लागतो, नाहीतर मुंबई उच्च न्यायालय.

निफाडच्या उसात बिबट्या शिरला आणि गावकरी त्याला मारायची परवानगी मागताहेत : वन्यजीव कायद्याचं कलम ११, निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा. रात्री अकराला मिरवणुकीत डीजे : ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम, आधी पोलीस. साखर कारखान्याच्या पाण्याने विहिरी तांबूस झाल्या : जल कायदा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि भरपाई हवी तर लवाद. सुरगाण्यात ग्रामसभेच्या ठरावाने वनहक्काचा दावा फेटाळला : ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे.

एक रस्ता मात्र कॉलेजात शिकवला जातो आणि कोर्टात विसरला जातो. गल्लीतलं गटार, उघडा नाला, दुर्गंधी यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. रतलाम नगरपालिकेला सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘पैसे नाहीत ही सबब चालणार नाही’ या अर्थाचं जे सुनावलं, ते याच कलमावर. ज्युनिअर वकिलाला एकट्याला, थोड्या खर्चात, नाशिकमध्येच लढता येईल असं हे प्रकरण असतं. पहिलं प्रकरण शक्यतो इथलंच असू द्या. लवादाचं आकर्षण मोठं असतं, पण शिकायला प्रांत ऑफिस, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याचं ऑफिस, जास्त चांगलं.

उच्च न्यायालय की लवाद, हा प्रश्न हमखास येतो. २०२२ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्ट अ‍ॅडव्होकेट्स बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लवादाच्या कायद्याने उच्च न्यायालयाचे राज्यघटनेच्या कलम २२६ खालचे (रिट काढण्याचे) अधिकार जात नाहीत. तो निकाल वाचायला द्या, पण सोबत हेही सांगा, की अधिकार असणं वेगळं आणि न्यायालयाने ‘आधी लवादाकडे जा’ असं म्हणणं वेगळं.

नाल्याकाठी : नोंद, फोटो, नमुना

दर वेळी त्याच चार-पाच ठिकाणी उभं राहायचं. ठिकाणं पहिल्या फेरीत ठरवा आणि नकाशावर क्रमांक द्या. वहीत तारीख, वेळ, ठिकाणाचा क्रमांक, आदल्या दिवशी पाऊस होता का, पाण्याचा रंग, वास, फेस, कुठला पाईप वाहतोय, आणि सोबत कोण होतं. मतं लिहायची नाहीत. ‘कारखान्याने विषारी पाणी सोडलं’ ही नोंद नाही, तो आरोप आहे. ‘क्रमांक ३ जवळच्या साधारण एक फूट व्यासाच्या सिमेंट पाईपमधून जांभळट पाणी येत होतं, तीव्र वास होता’ ही नोंद. काठावरच्या फेऱ्या सुरू झाल्या की पहिला महिना प्रत्येकाची वही दुसऱ्याला वाचायला द्या. विशेषणं त्यांची ते खोडतील.

फोटोंचं एक पथ्य कडक पाळा. ठिकाण आणि वेळ छापणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा, पण मूळ फाईल फोनमधून काढून टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला फोटो हा पुरावा म्हणून दुबळा असतो, कारण तो दाबला जातो आणि त्यातली मूळ माहिती गळते. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाईलची हॅश किंमतही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) मागितली आहे. लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नाही, हे खरं. पण तेच फोटो उद्या दंडाधिकाऱ्यासमोर लागतील. तेव्हा महिन्याच्या शेवटी सगळ्या मूळ फाईली एका हार्ड डिस्कवर घ्या, हॅश काढा आणि प्रमाणपत्र भरायचा सराव तेव्हाच करून टाका.

आता पाण्याचा नमुना. इथे उत्साह फार असतो आणि कायदा त्यावर पाणी ओततो. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना घेण्याची रीत दिली आहे : कारखानदाराला नोटीस, त्याच्या समक्ष नमुना, मागितल्यास दोन भाग, सील, सह्या. मंडळाच्या अधिकाऱ्याने ती पाळली नाही तर त्या सांडपाण्याच्या विश्लेषणाचा अहवाल त्या कायद्याखालच्या कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. विद्यार्थ्यांनी बाटलीत भरलेलं पाणी तर त्या चौकटीत बसतच नाही. मग भरायचं कशाला? कारण त्या आकड्यावर मंडळाला ‘तुम्ही येऊन अधिकृत नमुना घ्या’ असं ठामपणे म्हणता येतं, आणि लवादापुढे संयुक्त समिती नेमायला सांगताना हातात काहीतरी असतं. लवाद स्वतः बऱ्याचदा अशी समिती नेमतो आणि तिच्या अहवालावर पुढे जातो.

बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचं माप. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. निकाल यायला काही दिवस जातात, कारण चाचणीच २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. विरघळलेला प्राणवायू मात्र काठावरच मोजायचा. तुलनेसाठी एक मापदंड सगळ्यांना पाठ हवा : अंघोळीलायक पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम. रामकुंडाच्या शहरात हा आकडा लोकांना सांगायला सोपा जातो.

कारखान्याच्या कुंपणाच्या आत जायचं नाही, गेटवर वाद घालायचा नाही, एकट्याने जायचं नाही. हे लेखी द्या आणि सही घ्या.

कार्यालयात : मागायचं काय ते ठरवून मागा

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, आणि ही मर्यादा मसुदा शिकवायला मला फार उपयोगी वाटते. ‘नासर्डीच्या प्रदूषणाबाबत काय कारवाई केली?’ या प्रश्नाला ‘नियमानुसार कारवाई चालू आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं लिहायला शिकवा :

‘१ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीत अमुक ठिकाणी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, तसेच अमुक भूखंडावरील उद्योगास दिलेल्या चालू संमतीपत्राची अटींसह प्रत आणि मागील दोन भेटींचे अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

कागदाचं नाव घेतलं की कागद मिळतो. मत विचारलं की टोलवाटोलवी मिळते. अर्जात अभिलेख पाहण्याची मागणीही जोडा. फाईल समोर बसून चाळणं हा स्वतंत्र धडा आहे, टिपणीच्या पानांवर कोणी काय शेरा मारलाय ते तिथेच कळतं. आणि एक कमी वापरलं जाणारं कलम : जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाने संमतीच्या (उद्योगाला सांडपाणी सोडण्यासाठी मंडळ देतं त्या परवानगीच्या) अटींची नोंदवही ठेवायची असते आणि ती संबंधित व्यक्तीला पाहण्यासाठी खुली असते.

पूररेषेसाठी जलसंपदा खातं, मलजल शुद्धीकरणासाठी महापालिका, जमिनीसाठी तलाठ्याकडचा सातबारा. प्रत्येक जोडीला एकच खातं द्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढं समजलं तरी काठावरच्या बांधकामांकडे नव्या नजरेने पाहता येतं.

मुदतवही

एक वेगळी वही, आणि तिची जबाबदारी दोघांवर. त्यात हे चार आकडे पहिल्या पानावर. लवादाच्या कायद्याचं कलम १४ : वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. कलम १५, भरपाई आणि पूर्ववत करण्यासाठी : पाच वर्षं, त्यावर ६० दिवस. कलम १६, अपील, उदाहरणार्थ एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध : ३० दिवस, आणि फार तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयात अपील : ९० दिवस.

‘पहिल्यांदा’ या शब्दावर एक अख्खा शनिवार द्या. ‘प्रदूषण रोजच चालू आहे, म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते’ असं समजून कोणी निवांत राहू नये. समोरचा वकील सर्वात आधी तीच हरकत घेतो. मंजुऱ्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर चढतात; दर सोमवारी नाशिक जिल्ह्यातली प्रकरणं पाहून वहीत नोंद करणं हे एकाचं ठरलेलं काम असावं.

जनसुनावणीची तारीखही इथेच लिहा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात नोटीस लागते, मूल्यांकन अहवालाचा मसुदा आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. आपल्या मुलांनी तिथे भाषण ठोकण्यापेक्षा एवढंच करावं : शांतपणे बसावं, कोण काय बोललं ते टिपावं आणि आपली हरकत इतिवृत्तात आली का ते पाहावं. नसेल तर तिथल्या तिथे लेखी द्यावी.

मसुदा आणि निकालांचं वाचन

क्रम असा ठेवा : आधी मंडळाला तक्रारीचं साधं मराठी पत्र, मग स्मरणपत्र, मग नोटीस, मग अर्ज. जल कायद्याखाली खासगी व्यक्तीला फौजदारी तक्रार करायची तर ६० दिवसांची आगाऊ नोटीस लागते. ती प्रत्येकाने एकदा लिहून पाहावी. लवादापुढचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव आणि सातबारा यांचं भाषांतर करणं हाही सरावाचा भाग. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये आहे. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचं दडपण उतरतं.

अर्जात सर्वात आधी घटनाक्रम लिहायला लावा, तोही तारखांच्या तक्त्यात. तो नीट झाला की बाकीचा अर्ज त्यातूनच निघतो. तत्त्वं शेवटच्या पानावर येऊ द्यात; कलम २० मध्ये ती लवादाला सांगितलेलीच आहेत.

निकाल पाच-सहाच घ्या, पण पूर्ण वाचा. १९९६ चा बिछडीचा (रासायनिक कारखान्यांचं प्रदूषण), त्याच वर्षीचा वेल्लोरचा (चामड्याचे कारखाने), गोदावर्मनमधला (जंगल कशाला म्हणायचं) १२ डिसेंबर १९९६ चा आदेश, २०२४ चा माळढोक आणि वीजवाहिन्यांचा. आणि ‘वनशक्ती’ नक्की घ्या. आधी प्रकल्प उभारून मागाहून पर्यावरण मंजुरी घेण्याच्या पद्धतीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मनाई केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तोच निकाल मागे घेतला. मे महिन्याच्या निकालावर विसंबून डिसेंबरात युक्तिवाद करणाऱ्याचं काय झालं असतं, याची कल्पना मुलांना करू द्या. परीक्षेच्या गाईड-पुस्तकांचंही तसंच. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा जनविश्वास कायद्याने एप्रिल २०२४ पासून बदलून तिथे दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. जुन्या पुस्तकांत अजून कैदच आहे.

सुनावणीचा सराव

नेहमीच्या मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात) तीन ‘न्यायमूर्ती’ बसतात आणि सगळे कायद्याचं विचारतात. लवादात न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य असतो, आणि घाम फुटतो तो त्याच्या प्रश्नांनी. म्हणून एका खुर्चीवर रसायनशास्त्राचे प्राध्यापक बसवा. ‘नमुना किती वाजता घेतला? वरच्या बाजूचा नमुना कुठाय? तो पाईप महापालिकेचा नाही कशावरून?’ एवढ्या तीन प्रश्नांत तयारी उघडी पडते. दुसऱ्या बाजूने कारखान्याचा, महापालिकेचा आणि मंडळाचा वकीलही उभा करा, आणि सर्वात तळमळीच्या मुलाला कारखान्याची बाजू द्या.

पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठात एक दिवस घालवा. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं. त्या दिवशीच्या सुनावणीच्या बोर्डावरची प्रकरणं आदल्या रात्री वाचून जा, नाहीतर मुलं फक्त कॅन्टीन पाहून परततील.

कामाची शिस्त

नोटीस पाठवून, माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मग ‘सेटलमेंट’ करणारी माणसं सगळ्या औद्योगिक शहरांत असतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिलं जातं. पहिल्याच दिवशी नियम करा : कारखानदाराशी कोणीही एकट्याने, फोनवर किंवा चहावर बोलणार नाही, जे बोलणं होईल ते लेखी आणि गटप्रमुखामार्फत. सोशल मीडियावर कंपनीचं नाव घेऊन पोस्ट नाही. सनदधारकांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे पेपरात फोटो छापून आणायची हौसही आवरायची.

पोटापाण्याचं काय, हे ज्युनिअर उघड विचारत नाहीत, पण मनात असतंच. पर्यावरणाच्या केसेसवर एकट्यावर घर चालत नाही. कारखान्यांना संमतीच्या अटी, घातक कचऱ्याच्या नोंदी, वार्षिक विवरणपत्रं यासाठी वकील लागतात आणि ते काम प्रामाणिक आहे. एकाच नाल्यावर दोन्हीकडून काम करू नये, एवढं पुरे.

फेब्रुवारीत तुकडी संपते, प्रकरण संपत नाही. म्हणून शेवटच्या दोन शनिवारी फक्त हस्तांतर करा. मूळ कागद वकालतनाम्यावर ज्याची सही आहे त्याच्याकडे, स्कॅन प्रती कॉलेजकडे. प्रत्येक फाईलवर अनुक्रमणिका आणि एका पानाचा घटनाक्रम. प्रलंबित माहिती अधिकार अर्जांची यादी, पहिल्या अपिलाच्या तारखेसह. हार्ड डिस्क, हॅशचा तक्ता. पुढच्या तुकडीतले दोघं या बैठकीला आधीच बोलवा, मुदतवही त्यांच्या ताब्यात द्या आणि त्यातली पुढची तारीख त्यांच्या फोनमध्ये तिथेच टाकून घ्या.